बेपर्वाईला लाल कार्ड : निकष हेतूचा की धोक्याचा?

अंधेरी पश्चिमेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल मुंबईकरांच्या परिचयाचे आहे ते मुख्यत्वे फुटबॉलमुळे. इंडियन सुपर लीगमध्ये खेळणाऱ्या मुंबई सिटी एफसीने २०१६ मध्ये या मैदानाला आपले घर केले आणि उपनगरातल्या प्रेक्षकाला चांगला फुटबॉल घराजवळ पाहायला मिळू लागला. जून २०२५ मध्ये मात्र याच हिरवळीवर एक वेगळा खेळ अवतरला. १५ ते २९ जून या पंधरवड्यात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम येथे पार पडला. सहा संघांमध्ये ३४ सामने झाले आणि अंतिम सामन्यात दिल्ली रेड्झचा ४१-० असा धुव्वा उडवून चेन्नई बुल्सने विजेतेपद पटकावले. बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाआड दीर्घकाळ राहिलेला हा खेळ प्रथमच उपनगरातल्या सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचला.

फुटबॉलवर पोसलेल्या या प्रेक्षकाला रग्बीतील धक्काबुक्की समजायला वेळ लागत नाही. त्याला कोडे पडते ते पंचाच्या खिशातील कार्डांचे. दोन्ही खेळांत कार्डे पिवळी आणि लाल. पण त्यांचे हिशेब वेगळे आहेत. फुटबॉलच्या बाराव्या नियमात प्रतिस्पर्ध्यावरील आघाताच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेपर्वाई असेल तर पिवळे कार्ड आणि अवाजवी बळाचा वापर असेल तर लाल कार्ड. म्हणजे फुटबॉलमध्ये निव्वळ बेपर्वाई ही ताकिदीवर भागते. रग्बीत मात्र बेपर्वाईने केलेला टॅकल प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आदळला, तर खेळाडूला थेट मैदानाबाहेरचा रस्ता धरावा लागू शकतो. त्याने ते मुद्दाम केले नाही हे पंचांना मान्य असले तरीही.

येथेच वादाला तोंड फुटते. ज्याच्या मनात इजा करण्याचा विचारही नव्हता, त्याला खेळातील सर्वात कठोर शिक्षा देणे न्याय्य आहे काय? आणि त्याच्या एका चुकीपायी संपूर्ण संघाला उरलेला सामना एक खेळाडू कमी घेऊन खेळायला लावणे कितपत योग्य आहे? रग्बीच्या जगात गेली दीड दशके हा प्रश्न धुमसतो आहे. भारतात हा खेळ आता कुठे रुजत असल्याने त्याचे उत्तर येथेही शोधावे लागणार आहे.

दोन सामने, एकच रंग

या वादाचा आरंभबिंदू म्हणून १५ ऑक्टोबर २०११ या दिवसाकडे बोट दाखवले जाते. ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत वेल्स आणि फ्रान्स आमनेसामने होते. अठराव्या मिनिटाला वेल्सचा २३ वर्षीय कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या व्हिन्सेंट क्लेर्कला उचलले. क्लेर्कचे पाय आडव्या रेषेच्या वर गेले आणि तो खांद्या-मानेच्या बाजूने जमिनीवर आला. पंच अ‍ॅलन रोलँ यांनी क्षणाचाही विलंब न लावता लाल कार्ड दाखवले. उरलेला तासभराचा खेळ १४ खेळाडूंनिशी लढून वेल्सने सामना ९-८ असा अवघ्या एका गुणाने गमावला. ‘वॉरबर्टनसारखा सज्जन खेळाडू मुद्दाम असे करणार नाही’ हा वेल्सच्या चाहत्यांचा आक्रोश होता आणि तो खोटाही नव्हता. परंतु आंतरराष्ट्रीय मंडळाने २००९ मध्येच पंचांना बजावले होते, की अशा उचलून आपटण्याच्या प्रकारात खेळाडूचा हेतू काय असावा याचा अंदाज बांधत बसू नका. पुढे खुद्द वॉरबर्टननेही रोलँ यांचा निर्णय योग्य असल्याचे मान्य केले.

बारा वर्षांनंतर याच नाट्याचा पुढचा अंक पॅरिसमध्ये घडला. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा खांदा दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलच्या डोक्यावर आदळला. पंच वेन बार्न्स यांनी प्रथम पिवळे कार्ड दाखवले. त्यानंतर मैदानाबाहेर बसून चित्रफीत तपासणाऱ्या ‘बंकर’मधील अधिकाऱ्याने त्याचे लाल कार्डात रूपांतर केले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला केन हा पहिलाच पुरुष खेळाडू. न्यूझीलंडने हा सामना ११-१२ असा गमावला. पुन्हा एकदा एका गुणाचे अंतर, पुन्हा एकदा कर्णधार आणि पुन्हा एकदा हेतूचा अभाव. ‘एका क्षणाच्या चुकीने चार वर्षांतला सर्वात मोठा सामना बिघडला’ ही तक्रार न्यूझीलंडपुरती राहिली नाही.

बेपर्वाई म्हणजे नेमके काय?

या तक्रारीचा विचार करण्यापूर्वी शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. सर्वसाधारण बोलण्यात आपण दोनच कप्पे करतो : ‘मुद्दाम’ आणि ‘चुकून’. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये बेपर्वाईचा एक मोठा प्रदेश आहे. जागतिक रग्बी संघटनेने जानेवारी २०१७ पासून लागू केलेल्या सूचनांमध्ये ही विभागणी नेमकेपणाने केली. डोक्याला स्पर्श होण्याचा धोका आहे हे खेळाडूला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते आणि तरीही तो पुढे गेला, तर ती बेपर्वाई. तिला किमान पिवळे आणि कमाल लाल कार्ड. याउलट डोक्याला झालेला स्पर्श निव्वळ अपघाती असेल, तर किमान शिक्षा पेनल्टीची.

‘माहीत असायला हवे होते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांनी चर्चा खेळाडूच्या मनातून काढून त्याच्या कर्तव्यापाशी आणून ठेवली. त्याने वाईट चिंतले काय, हा प्रश्न उरत नाही. समोरच्याच्या जिवाची जेवढी काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक होते तेवढी त्याने घेतली काय, एवढेच पाहायचे.

हा विचार आपल्याला परका नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये अविचाराने किंवा हयगयीने घडलेला मृत्यू हा गुन्हा आहे. तेथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर मोटार पदपथावर चढून झोपलेल्या सात मजुरांचा बळी गेला. चालकाचे त्या मजुरांशी काही वैर नव्हते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे प्रकरण निव्वळ हयगयीचे न मानता परिणामांची जाणीव असूनही केलेल्या सदोष मनुष्यवधाचे मानले आणि तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. मैदान आणि रस्ता यांची तुलना सर्वार्थाने होऊ शकत नाही. खेळाडूंनी धक्के स्वखुशीने पत्करलेले असतात, पादचाऱ्याने नव्हे. तथापि ‘हेतू नव्हता’ एवढे म्हटल्याने जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

क्रिकेटमध्येही हे तत्त्व मुरलेले आहे. गोलंदाजाच्या हातून चेंडू निसटून फलंदाजाच्या कमरेच्या वर थेट फुलटॉस येतो. गोलंदाज लगेच हात वर करून दिलगिरी व्यक्त करतो आणि फलंदाजही बहुधा ती स्वीकारतो. परंतु चेंडू धोकादायक असल्याचे पंचांचे मत झाले आणि असाच प्रकार दुसऱ्यांदा घडला, तर त्या गोलंदाजाला त्या डावात पुन्हा चेंडू हाती घेता येत नाही. घामाने ओला झालेला हात हे कारण असू शकते, सबब नव्हे.

डोक्याची किंमत

रग्बीने हा कठोरपणा का पत्करला, याचे उत्तर वैद्यकीय आहे. व्यावसायिक रग्बीतील डोक्याच्या दुखापतींच्या तपासणीच्या ६११ प्रसंगांचा अभ्यास २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यापैकी ७६ टक्के प्रसंग टॅकलमध्ये घडले होते. याहून डोळे उघडणारी बाब अशी, की टॅकलमधील या प्रसंगांपैकी ७३ टक्क्यांमध्ये तपासणीची वेळ चेंडू नेणाऱ्यावर नव्हे, तर टॅकल करणाऱ्यावर आली होती. ताठ उभे राहून टॅकल करणाऱ्याचा धोका वाकून टॅकल करणाऱ्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असल्याचेही दिसून आले. म्हणजे उंच टॅकलवरील लाल कार्ड हे टॅकल करणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याचेही रक्षण करते.

आकड्यांना चेहरा मिळाला तो डिसेंबर २०२० मध्ये. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन याने वयाच्या ४२ व्या वर्षी आपल्याला स्मृतिभ्रंशाने ग्रासल्याचे जाहीर केले. ज्या विजयाने त्याला कीर्ती दिली, तो विजयच त्याला आठवत नव्हता. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी रग्बीच्या प्रशासकांविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये तरुण खेळाडूंचे मृत्यू झाल्यानंतर तेथील हौशी रग्बीत टॅकल कमरेच्या खाली आणण्यात आला. थॉम्पसनला बसलेल्या असंख्य धक्क्यांपैकी किती मुद्दाम होते आणि किती नकळत, याचा हिशेब आज कोणी देऊ शकत नाही. मेंदूला त्याने काही फरकही पडत नाही.

आक्षेपांची बाजू

असे असले तरी विरोधकांचे म्हणणे केवळ भावनिक म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही. त्यांचा पहिला मुद्दा वेगाचा. शंभर किलोंचे दोन खेळाडू एकमेकांवर धावून येतात, तेव्हा निर्णयाला मिळणारा अवधी सेकंदाच्या काही अंशांचा असतो. चेंडू नेणारा ऐनवेळी वाकला, तर कमरेवर साधलेला टॅकल डोक्यावर लागू शकतो. दुसरा मुद्दा लक्ष चेंडूवर असण्याचा. ५ एप्रिल २०१४ रोजी बेलफास्टमध्ये हायनेकेन चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात अल्स्टरचा जॅरेड पेन उंच उडालेल्या चेंडूवर नजर ठेवून धावत होता. हवेत झेपावलेल्या सॅरासेन्सच्या अ‍ॅलेक्स गुडला त्याने पाहिलेच नाही. गुड वाईट रीतीने आदळला, त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले आणि पेनला चौथ्याच मिनिटाला लाल कार्ड मिळाले. अल्स्टरने सामना १५-१७ असा गमावला. चेंडूकडे पाहणाऱ्याला शिक्षा कशी, हा प्रश्न त्यावेळीही विचारला गेला.

तिसरा मुद्दा पंचांच्या चुकीचा. १८ मार्च २०२३ रोजी डब्लिनमध्ये आयर्लंडचा ह्यूगो कीनन चेंडू उचलण्यासाठी वाकला आणि इंग्लंडचा फ्रेडी स्टुअर्ड त्याच्यावर आदळला. धडक टाळण्यासाठी स्टुअर्डने अंग वळवले होते, तरी पंच याको पायपर यांनी त्याला लाल कार्ड दाखवले. कीननची स्थिती ऐनवेळी बदलली होती, त्यामुळे पिवळे कार्डच योग्य ठरले असते, असा निर्वाळा शिस्तपालन समितीने नंतर दिला आणि लाल कार्ड मागे घेतले. पण तोवर इंग्लंड १६-२९ असा पराभूत झाला होता.

हे तीनही मुद्दे खरे आहेत, परंतु ते तीन वेगळ्या गोष्टी सिद्ध करतात. स्टुअर्डचे उदाहरण अपघाताला बेपर्वाई समजण्याची चूक दाखवते. बेपर्वाईला लाल कार्ड देण्यातली चूक नव्हे. ऐनवेळी वाकलेल्या प्रतिस्पर्ध्याची सवलत नियमांत आहेच. डोक्याला स्पर्श झाला काय, त्यात नियमभंग होता काय, धोका किती होता आणि तो सौम्य करणारी काही परिस्थिती होती काय, अशा चार पायऱ्यांनी पंचांना निर्णयाप्रत यावे लागते. पेनच्या बाबतीत तर उत्तर अधिक स्पष्ट आहे. गर्दीत वेगाने धावताना आपण कोठे जात आहोत हे न पाहणे, हीच बेपर्वाईची सर्वात सोपी व्याख्या आहे.

वीस मिनिटांची तडजोड

या दोन टोकांमध्ये तोडगा म्हणून वीस मिनिटांचे लाल कार्ड पुढे आले. २०२० मध्ये दक्षिण गोलार्धात त्याची सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते प्रायोगिक तत्त्वावर युरोपातील मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतही आले. दोषी खेळाडू कायमचा बाहेर जातो, पण वीस मिनिटांनंतर त्याच्या जागी दुसरा खेळाडू येऊ शकतो. मुद्दाम केलेल्या किंवा अतिशय धोकादायक कृत्यासाठी कायमचे लाल कार्ड पंचांच्या हाती राहतेच. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कार्डिफमध्ये आयर्लंडच्या गॅरी रिंगरोझला असे कार्ड मिळाले. वीस मिनिटे संपताच बंडी आकी मैदानात उतरला आणि आयर्लंडने पिछाडी भरून काढत वेल्सला २७-१८ असे नमवले. समर्थकांच्या मते सामना जिवंत राहिला. फ्रान्समधील प्रशासकांसह विरोधकांच्या मते शिक्षेची धार बोथट झाली, कारण ताजातवाना खेळाडू बाकावर तयार असेल तर प्रशिक्षकाला टॅकलची उंची खाली आणण्याची घाई राहणार नाही.

अंधेरीतल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने या तडजोडीत एक गमतीशीर अडचण आहे. भारतात खेळली जाते ती प्रामुख्याने सात खेळाडूंची रग्बी. तिचा नेहमीचा सामना १४ मिनिटांचा. रग्बी प्रीमियर लीगमध्ये चार मिनिटांचे चार भाग, म्हणजे १६ मिनिटांचा खेळ झाला. सामनाच वीस मिनिटांचा नसेल, तर वीस मिनिटांच्या कार्डाला अर्थ काय? पिवळ्या कार्डाची शिक्षा सातांच्या खेळात दोन मिनिटांची असते आणि त्यापुढची पायरी थेट कायमची. शिवाय पंधरांमधून एक जाणे वेगळे आणि सातांमधून एक जाणे वेगळे. त्याच मैदानाची राखण सहा जणांना करावी लागते. साहजिकच सातांच्या रग्बीत लाल कार्ड अधिक महाग आहे. त्यामुळे पंचांनी अपघात आणि बेपर्वाई यांतील रेषा अधिक काळजीने ओढणे येथे अधिक निकडीचे ठरते.

शिक्षणाचा प्रश्न

भारतासारख्या नव्या देशात कार्डाचे खरे काम शिक्षेपेक्षा शिकवणीचे आहे. येथील मुले रग्बीकडे वळतात ती दुसऱ्या खेळांतून. त्यांपैकी कबड्डीतून येणाऱ्याला खरे तर योग्य टॅकलचे बाळकडू आधीच मिळालेले असते. घोट्याची पकड, मांडीची पकड, कमरेची पकड. चांगला बचावपटू वाकतो, खाली जातो आणि चढाई करणाऱ्याचे पाय बांधतो. रग्बीला आज ज्या उंचीवर टॅकल आणायचा आहे, ती उंची मुंबईच्या उपनगरांतील कबड्डीच्या मैदानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. दूरचित्रवाणीवर जुन्या काळातील छातीवर आदळणारे टॅकल पाहून या मुलाने आपली मूळची सवय सोडली, तर तो तोटा खेळाचा आणि त्याचाही.

दुसरी बाब पंचांची. विश्वचषकात बंकर असतो, अनेक कॅमेरे असतात, आठ मिनिटे तपासणीची मुभा असते. जिल्हा पातळीवरच्या किंवा शाळेच्या मैदानावर यातले काहीच नसते. असतो एक पंच आणि त्याची शिट्टी. अशा पंचाला खेळाडूच्या मनातला हेतू दिसू शकत नाही. त्याला दिसतो तो टॅकलची उंची, वेग आणि आघाताची जागा. निकष हेतूचा ठेवला तर शिक्षा ठरेल ती खेळाडूच्या चेहऱ्यावरून, त्याच्या ख्यातीवरून किंवा त्याने किती लवकर माफी मागितली यावरून. निकष धोक्याचा ठेवला तर सर्वांना एकच माप लागेल.

मग हेतूला काहीच स्थान नाही काय? आहे, पण ते मैदानावर नव्हे, सामन्यानंतरच्या सुनावणीत. वॉरबर्टनवर तीन आठवड्यांची आणि केनवर तीन सामन्यांची बंदी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वेल्सविरुद्ध प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यात बोट घातल्याबद्दल दक्षिण आफ्रिकेच्या एबेन एट्झेबेथला लाल कार्ड मिळाले. शिस्तपालन समितीने ते कृत्य हेतुपुरस्सर ठरवले आणि बंदी १२ सामन्यांची दिली. तिघांच्या कार्डांचा रंग एकच होता, बंदीच्या मुदतीत मात्र चौपट अंतर पडले. ही विभागणी तर्काला धरून आहे. मैदानावर पंचाला थांबवायचा असतो तो धोका, तर सुनावणीत समितीला तोलायचा असतो तो दोष.

यावरून बेपर्वाईने घडलेल्या, पण हेतू नसलेल्या धोकादायक टॅकलला लाल कार्ड योग्यच ठरते. मात्र त्यासाठी दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. एक, टाळता न येणाऱ्या अपघाताला बेपर्वाईच्या कप्प्यात ढकलता कामा नये. दोन, ज्याने मुद्दाम केले आणि ज्याने काळजी घेतली नाही, त्यांच्या बंदीच्या मुदतीत ठळक अंतर असले पाहिजे. कार्डाचा रंग धोक्याने ठरावा आणि बंदीची मुदत हेतूने. लाल कार्ड म्हणजे खेळाडूच्या चारित्र्यावरचा डाग, ही समजूत फुटबॉलमधून आलेली आहे. रग्बी पाहू लागलेल्या प्रेक्षकाने ती बाजूला ठेवायला हवी.

कर्णधार बाहेर गेल्याने विश्वचषक हुकल्याची खंत न्यूझीलंडला दीर्घकाळ राहील. तरीही त्या रात्री क्रीलच्या डोक्यावर आदळलेला खांदा जगभरातील लाखो मुलांनी पाहिला आणि त्याची किंमतही पाहिली. उद्या अंधेरीच्या किंवा आणखी कोठल्या मैदानावर एखादा मुलगा टॅकलसाठी धावताना आपसूक कमरेतून वाकेल, तेव्हा त्या किमतीतला काही भाग वसूल झालेला असेल.